पॉवर, पीयूसी आणि पहिला मजला

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. कोकणातल्या प्रवासाचा उरलेला भाग येणार आहे, धीर धरा. पण गेले दोन महिने डोक्यात एकच विषय घोळतोय आणि तो बाहेर काढल्याशिवाय दुसरं काही सुचणार नाही. विषय गाड्यांचा आहे. गाडी म्हणजे चार चाकं आणि एक हॉर्न, एवढंच ज्यांना वाटतं त्यांनीही वाचा, फार तांत्रिक होऊ देणार नाही. (ताई, तू तर वाचच. तुझ्या लेकाबद्दल आहे.)

गाडीवेड्या लोकांच्या गप्पांत हल्ली एक वाक्य हमखास येतं. "बीएस-६ आलं आणि मजा गेली." म्हणजे काय, तर पूर्वी गाडी घ्यायची, चार दिवस चालवायची आणि मग आपल्या मिस्त्रीकडे नेऊन तिच्यातून आणखी पॉवर काढायची. आता प्रदूषणाचे नियम इतके कडक झालेत की इंजिनाला हात लावायची सोय राहिली नाही. हात लावला तर वॉरंटी गेली, विम्याचा घोळ, आणि वरून कायदा. या तक्रारीत तथ्य किती आणि रडगाणं किती, हे मला जरा नीट बघावंसं वाटलं. कारण मी स्वतः त्या वाक्यावर मान डोलावणाऱ्यांपैकी आहे.

माझ्या पिढीला हा नाद लागला तो बहुतेक यामाहा आरएक्स १०० मुळे. १९८५ ते १९९६ एवढीच वर्षं ती गाडी बनली, पण अजून लोक तिच्यासाठी वेडे आहेत. ९८ सीसी, टू-स्ट्रोक, ११ हॉर्सपॉवर. आजच्या मानाने आकडा काहीच नाही, पण गाडी हलकी आणि अंगात मस्ती. नाना पेठेत जाऊन जेट आणायचे, कार्बोरेटर उघडून जुना जेट काढून एक नंबर मोठा टाकायचा, प्लग काढून त्याचा रंग बघायचा, काळा असेल तर पेट्रोल जास्त, पांढरा असेल तर कमी, चहासारखा तपकिरी असेल तर जमलं. पोर्ट घासून मोठे करायचे, सायलेन्सरची आतली जाळी काढायची. आमचे मिस्त्री हे सगळं कानावर करायचे. डोळे मिटून स्क्रू पाव आटा फिरवायचे आणि म्हणायचे, "साहेब, गाडी बघायची नसते, ऐकायची असते." त्या माणसाला कुठलं मीटर लागत नव्हतं.

मीटर लागत नव्हतं याचं एक कारण असं की मागून काय बाहेर पडतं ते कोणी मोजतच नव्हतं. टू-स्ट्रोक इंजिनात ताजं पेट्रोल-हवेचं मिश्रण आत येतं तेव्हाच जळलेला धूर बाहेर जात असतो. दोन्ही दारं एकाच वेळी उघडी. साहजिकच ताज्या मिश्रणातला काही भाग न जळताच सायलेन्सरमधून निघून जातो. शिवाय पेट्रोलमध्ये ऑइल घातलेलं, तेही जळतं. तो जो वास आम्हाला इतका आवडायचा तो म्हणजे न जळलेलं पेट्रोल आणि अर्धवट जळलेलं ऑइल. नियम आले तेव्हा टू-स्ट्रोक मोटरसायकलचा जीव त्याच्यातच गेला. आवाजाची आठवण येते, वासाची येते, पण ती गाडी आज नव्याने कुणी जशीच्या तशी विकावी असं मला वाटत नाही.

आता जरा नियमांचा इतिहास. कंटाळू नका, थोडक्यात सांगतो. १९९५ पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला. पण शिसं घातलेल्या पेट्रोलने कन्व्हर्टर निकामी होतो, म्हणून शिसेविरहित पेट्रोल आलं आणि २००० साली शिशाचं पेट्रोल देशभरातून गेलं. त्याच वर्षी 'इंडिया २०००' हे नियम आले, मग भारत स्टेज २, ३, ४ असे टप्पे. बीएस-४ आपल्या पुण्या-मुंबईत २०१० मध्ये आलं, देशभर २०१७ मध्ये. मग पाचवी पायरी गाळून सरळ १ एप्रिल २०२० पासून बीएस-६. त्यासाठी तेल कंपन्यांना इंधनातलं गंधक ५० पीपीएमवरून १० वर आणावं लागलं. डिझेल कारसाठी बीएस-४ मध्ये किलोमीटरला २५० मिलिग्रॅम नायट्रोजन ऑक्साइड चालत होते, ते ८० वर आले. धुरातले कण २५ मिलिग्रॅमवरून साडेचारवर. आणि एप्रिल २०२३ पासून दुसरा टप्पा, ज्यात प्रयोगशाळेत पास होणं पुरत नाही, रस्त्यावर चालत्या गाडीला यंत्र लावून मोजतात.

ही मोजणी करणाऱ्या संस्थांपैकी एक, एआरएआय, आपल्या वेताळ टेकडीवर आहे. टेकडीवर फिरायला जाणाऱ्या किती पुणेकरांना तिथे आत काय चालतं याची कल्पना असेल कोण जाणे. तिथे रोलरवर गाडी चढवून ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणे चालवतात आणि मागून निघणारा धूर गोळा करून मिलिग्रॅमपर्यंत मोजतात.

बरं, या नियमांनी मजा घालवली म्हणतात, पण एक गंमत बघा. कार्बोरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन का आलं? आणि इंजेक्शनबरोबर इंजिनाचा तो कॉम्प्युटर, ईसीयू, का आला? मुख्यतः या नियमांमुळेच. कार्बोरेटरला कन्व्हर्टरच्या अटी पाळणं जमत नव्हतं. आणि आज लोक 'स्टेज वन रीमॅप' म्हणून लॅपटॉप लावून जी पॉवर वाढवतात, ती याच ईसीयूमधले आकडे बदलून! म्हणजे प्रदूषणाच्या नियमांनी जो डबा गाडीत आणून बसवला, तोच उघडून आपण प्रदूषणाचे नियम मोडतोय. जुन्या मारुती ८०० ला ३७ च्या आसपास हॉर्सपॉवर होती. आज एक लिटरची टर्बो पेट्रोल गाडी शंभरच्या वर देते, तीही बीएस-६ पाळून. तेव्हा नियमांमुळे गाड्या मेंगळट झाल्या हे काही खरं नाही. मेंगळट झाल्या नाहीत, बंद झाल्या. म्हणजे बॉनेट उघडून माणसाने काही करावं अशा राहिल्या नाहीत. तक्रारीतलं तथ्य एवढंच, पण ते आहे.

पॉवर आणि स्वच्छ धूर यांचं मुळात जमत का नाही, हे मला अनेक वर्षं कुणी नीट सांगितलं नव्हतं. ते असं आहे. एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ ग्रॅम हवा लागते. कन्व्हर्टर त्या आकड्याच्या अगदी आसपास असतानाच तिन्ही कामं करतो: कार्बन मोनॉक्साइड जाळतो, न जळलेलं पेट्रोल जाळतो आणि नायट्रोजन ऑक्साइडचा परत साधा नायट्रोजन करतो. पण इंजिनाला सगळ्यात जास्त ताकद मिळते ती १२.५ किंवा १३ च्या आसपास, म्हणजे पेट्रोल थोडं जास्त असताना. ट्यूनर त्या बाजूला ओढणार, कन्व्हर्टरला दुसरा आकडा हवा. शिवाय कन्व्हर्टर म्हणजे धुराच्या वाटेतला अडथळा. तो काढला की इंजिन मोकळा श्वास घेतं. (आणि ज्याला बाकीच्यांनी घ्यायचा तो श्वास जरा जड होतो.)

डिझेलचं आणखी वेगळं. तिथे ईजीआर नावाचा व्हॉल्व्ह असतो, तो थोडा धूर परत इंजिनात पाठवतो. त्याने आतलं तापमान कमी राहतं आणि नायट्रोजन ऑक्साइड कमी बनतात. पण काजळी वाढते. ती काजळी पकडायला मागे डीपीएफ, म्हणजे गाळणी. गाळणी भरली की गाडी स्वतःच तिचं तापमान सहाशे अंशांच्या आसपास नेऊन काजळी जाळून टाकते. त्यासाठी गाडी हायवेला सलग वीस-पंचवीस मिनिटं तरी चालायला हवी. कोथरूड ते हिंजवडी सिग्नल-सिग्नल खेळणाऱ्या गाडीला ते मिळत नाही.

आणि इथे आमचे भाचेबुवा कथेत येतात.

त्याच्याकडे २०२१ ची सेकंडहँड डिझेल गाडी आहे. कुठली ते विचारू नका. कंपनीची वॉरंटी संपलेली. दोन महिन्यांपूर्वी त्याचा फोन, "मामा, डीपीएफचा दिवा लागलाय. गाडी तिसऱ्या गिअरच्या पुढे जीवच धरत नाही." सर्व्हिस सेंटरने गाळणी बदलावी लागेल म्हणून लाखाच्या आसपासचा आकडा सांगितला होता. आणि त्याच्या ऑफिसातल्या मित्राने एक गॅरेज सांगितलं होतं. तिथला माणूस म्हणाला, डीपीएफ आतून पोकळ करून देतो, ईजीआर बंद करतो, सॉफ्टवेअरमधून दिवा कायमचा घालवतो आणि वर वीस-पंचवीस हॉर्सपॉवर जास्त देतो. सगळं मिळून त्या आकड्याच्या पाव किमतीत. पीयूसीची गॅरंटी.

"सांग मामा, यात विचार करण्यासारखं काय आहे?"

खरं सांगायचं तर त्या क्षणी मला उत्तर सुचलं नाही. घरात गाडीचा नाद मीच आणला. हा पोरगा चार वर्षांचा असल्यापासून माझ्या मोटरसायकलच्या टाकीवर बसून फिरलाय. त्याला मी 'प्रदूषण वाईट असतं' असं शाळेतल्या निबंधासारखं सांगणार होतो की काय? म्हटलं दोन दिवस दे, बघून सांगतो. मग जे बघितलं ते असं.

पहिला कायदा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीवर जी माहिती आहे ती गाडी बनवणाऱ्याने मुळात दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळी होईल असा बदल मालकाने करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात हेच पक्कं केलं. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन कलम १८२-अ आलं. परवानगी नसलेला बदल केला तर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड, किंवा दोन्ही. भाच्याचे तीन बदल, म्हणजे पंधरा हजार. शिवाय प्रदूषणाच्या कलमाखाली दहा हजारांपर्यंत वेगळे. कागदावर चांगलंच कडक आहे.

पण कागद सोडून रस्त्यावर या. पोलीस पकडतात कुणाला? ज्याचा आवाज येतो त्याला. बुलेटचे फटाके फोडणारे सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडतानाचे फोटो आपण सगळ्यांनीच पेपरात पाहिलेत. ते योग्यच आहे, माझी काही तक्रार नाही. पण ज्या गाडीचा ईजीआर बंद केलाय ती शांतपणे त्या पोलिसासमोरून निघून जाते. आणि पीयूसी? आपल्या नेहमीच्या पीयूसीत डिझेल गाडीच्या धुराचा दाटपणा बघतात. नायट्रोजन ऑक्साइड मोजतच नाहीत. ईजीआर बंद केला की उलट काजळी कमी होते, म्हणजे पीयूसीला मदतच! गॅरेजवाला देत होता ती गॅरंटी खोटी नव्हती, आणि मला सगळ्यात जास्त त्रास झाला तो याच गोष्टीचा. 'पकडला जाशील' असं म्हणून भाच्याला थांबवण्याची सोय नव्हती. तो पकडला गेलाच नसता.

दुसरी गोष्ट सापडली ती फोक्सवॅगनची. बातमी आपल्याला माहीत आहे, पण ट्यूनिंगच्या नजरेने मी तिच्याकडे कधी पाहिलं नव्हतं. सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने जाहीर केलं की कंपनीच्या डिझेल गाड्यांचं सॉफ्टवेअर चाचणी चालू आहे हे ओळखतं आणि तेवढ्यापुरतं शहाण्यासारखं वागतं. रस्त्यावर त्याच गाड्या मर्यादेच्या चाळीस पटींपर्यंत नायट्रोजन ऑक्साइड सोडत होत्या. जगभरात एक कोटी दहा लाखांच्या आसपास गाड्या. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातल्या छोट्या गटाने गाडीच्या डिकीत यंत्र ठेवून मैलोन्मैल गाडी चालवली म्हणून ते उघडकीला आलं. आपल्याकडे एआरएआयनेही त्यांच्या गाड्या तपासल्या, प्रयोगशाळेतले आणि रस्त्यावरचे आकडे जुळेनात, आणि डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीने भारतातल्या तीन लाख तेवीस हजारांहून जास्त गाड्या परत बोलवत असल्याचं जाहीर केलं.

आता विचार करा. ते सॉफ्टवेअर म्हणजे तरी काय होतं? रीमॅपच की. मालकाने गल्लीतल्या गॅरेजात न करता कंपनीनेच कारखान्यात केलेला. गाडीवाला माणूस म्हणतो, "एवढी मोठी कंपनी करते, मग मी एकट्याने केलं तर काय बिघडलं?" मलाही हे वाक्य पटत होतं, पण तेवढ्यात दुसरा आकडा वाचला. त्याच अमेरिकन संस्थेने नोव्हेंबर २०२० मध्ये हिशोब मांडला की आधीच्या दहा-एक वर्षांत तिथल्या साडेपाच लाखांहून जास्त डिझेल पिकअप ट्रकांची प्रदूषण रोखणारी यंत्रणा मालकांनी काढून टाकली. त्यातून जे जादा प्रदूषण होणार ते जणू नव्वद लाखांहून जास्त आणखी ट्रक रस्त्यावर आणल्यासारखं. साडेपाच लाख माणसं, प्रत्येक जण 'मी एकटाच' म्हणणारा. कंपनीने एका ठिकाणी बसून केलं तेच यांनी आपापल्या अंगणात केलं.

माझा चुलतभाऊ कॅलिफोर्नियात असतो, त्यालाही गाड्यांचा किडा आहे. त्याला विचारलं, तुमच्याकडे तर नियम सगळ्यात कडक, मग तू ती दोन सीटची गाडी घेऊन काय काय करतोस? तो हसला. म्हणाला, करतो की, पण नंबर असलेलंच. तिथे सुट्या भागाचा उत्पादक आपला भाग राज्याच्या हवा मंडळाकडे नेतो, त्याने प्रदूषण वाढत नाही हे चाचणीत दाखवतो आणि मग त्या भागाला एक आदेश क्रमांक मिळतो. तो स्टिकर बॉनेटखाली चिकटवायचा. दर दोन वर्षांनी धुराची तपासणी होते तेव्हा तपासनीस तो क्रमांक बघतो. जुलै २०२१ पासून तर ईसीयूमधलं सॉफ्टवेअर मूळचं किंवा मंजूर केलेलं आहे की नाही हेही तपासतात. म्हणजे दार बंद आहे, पण खिडकी ठेवलीय, आणि खिडकीवर माणूस बसवलाय.

आपल्याकडे उलटं आहे. दार कायद्याने पूर्ण बंद, आणि मागची भिंतच नाही. :)

आणि आपल्याला अशी खिडकी ठेवता येत नाही असंही नाही. सीएनजी किटचं उदाहरण घ्या. कलम ५२ मध्येच इंधन बदलण्याला वाट ठेवलीय. किट मंजूर झालेलं हवं, बसवणारा अधिकृत हवा, आरटीओत जाऊन आरसीवर नोंद करायची. २०२२ मध्ये बीएस-६ पेट्रोल गाड्यांनाही ही परवानगी मिळाली. लाखो लोकांनी हे रीतसर केलंय. मग मंजूर एअर फिल्टर, मंजूर एक्झॉस्ट, मंजूर सॉफ्टवेअर का असू नये? चाचणी करून, आकडा दाखवून, नंबर देऊन. ज्याला करायचंय तो करणारच आहे. उजेडात येऊन करायची सोय असेल तर निदान चांगलं काम करणारा आणि गाळणी पोकळ करणारा यांच्यातला फरक तरी दिसेल. आज कायद्याच्या लेखी दोघं सारखेच गुन्हेगार आहेत. मग प्रामाणिक माणसाने प्रामाणिक राहायचं कशासाठी?

हे माझं मत. पटत नसेल तर खाली भांडायला या.

पण भाच्याचा प्रश्न यातल्या कशानेही सुटत नव्हता. त्याला आज दिवा घालवायचा होता. आणि मग एका रविवारी ताईकडे जेवायला गेलो असताना मला एक गोष्ट दिसली, म्हणजे इतकी वर्षं बघत होतो ती पहिल्यांदा दिसली. त्यांचा फ्लॅट पहिल्या मजल्यावर. खाली पार्किंग. भाच्याची गाडी जिथे उभी असते तिच्या बरोबर वर त्यांची गॅलरी, आणि गॅलरीत सकाळच्या उन्हात भाच्याच्या आठ महिन्यांच्या लेकीला तेल लावून शेकत बसवतात. रोज साडेआठला. हा रोज साडेआठला खाली गाडी सुरू करतो. थंड इंजिन. तेव्हाच धूर सगळ्यात वाईट असतो.

मी त्याला बाजूला घेऊन एवढंच म्हटलं, "अरे, ती गाळणी तुझी पॉवर अडवते, कबूल. पण जे अडवते ते इथे वर येणार आहे." डिझेलचा धूर कर्करोगकारक आहे असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१२ मध्येच जाहीर केलंय, हेही सांगणार होतो, पण त्याची गरज पडली नाही. तो वर बघत उभा राहिला. मग म्हणाला, "पण मामा, लाख रुपये?"

त्याचा मुद्दा बरोबर होता. शहाणपण सांगणं सोपं असतं, लाख रुपये देणं नसतं. नवीन लग्न, घराचा हप्ता, लहान मूल. म्हणून मग मिस्त्रींना फोन लावला. आता सत्तरी ओलांडली त्यांनी, गॅरेज मुलगा बघतो. मुलाने कार्बोरेटर फारसे उघडलेले नाहीत, पण त्याच्याकडे चांगला स्कॅनर आहे. त्याने गाडी लावून बघितली आणि म्हणाला, गाळणी मेलेली नाही, भरलीय फक्त. वर्षभर शहरात फिरवलीत, तिला जळायला वेळच मिळालेला नाही. त्याने स्कॅनरवरून एकदा सक्तीने काजळी जाळून घेतली, एक सेन्सर बदलला, आणि म्हणाला, आता हायवेला घेऊन जा, गिअर थोडा खालचा ठेवा, तासभर थांबवू नका.

मग आम्ही दोघं साताऱ्याला गेलो. कात्रजच्या नव्या बोगद्यातून खेड शिवापूर, शिरवळ, खंबाटकीचा घाट. भाचा चालवत होता, मी शेजारी. दिवा लागला नाही. घाटात गाडीने जो जीव धरला तो बघून तो लहानपणी टाकीवर बसल्यावर हसायचा तसाच हसला. साताऱ्यात कंदी पेढे घेतले, परत आलो. एकूण खर्च, सेन्सर आणि पेढे धरून, त्या गॅरेजवाल्याच्या आकड्याच्याही निम्म्याहून कमी. आता तो महिन्यातून दोनदा तरी गाडी हायवेला काढतो. (सासुरवाडी कराडला असल्याने सूनबाईही खूश.)

मिस्त्रींना हे सगळं सांगायला गेलो तेव्हा ते खुर्ची टाकून गॅरेजच्या दारात बसले होते. मी म्हटलं, तुमची विद्या या नियमांनी संपवली, वाईट वाटत असेल. ते म्हणाले, "वाईट वाटतं ना. पण साहेब, चाळीस वर्षं बंद गाळ्यात गाड्या रेस करून ऐकल्या मी. माझा खोकला ऐकताय ना?" आणि मुलाकडे बोट दाखवून म्हणाले, "त्याला नाही लागला अजून."

मी यावर काही बोललो नाही. बोलण्यासारखं नव्हतंच.

असो. एवढं सगळं झाल्यावर भाचा शहाणा झाला आणि ट्यूनिंगचा नाद सुटला असं तुम्हाला वाटत असेल तर तसं काही नाही. परवाच फोन आला होता. "मामा, गाळणी राहू दे, ईजीआर राहू दे, नुसता रीमॅप केला तर?" त्याला म्हटलं, नियमात ते बसत नाही, आणि जादा डिझेल गेलं की काजळी वाढणार, गाळणी परत भरणार. तो म्हणाला, "म्हणजे मंजूर केलेला रीमॅप मिळायला लागेपर्यंत थांबू?" मी हो म्हटलं खरं, पण किती वर्षं ते मलाही सांगता आलं नाही. मनात आलं, तोपर्यंत विजेच्या गाड्या इतक्या वाढलेल्या असतील की हा प्रश्न विचारणाराच उरणार नाही. लेक मोठी होईल तेव्हा तिला सायलेन्सर म्हणजे काय ते चित्रात दाखवावं लागेल कदाचित.

तुमच्यापैकी कुणी आरटीओत जाऊन इंजिनातला एखादा बदल रीतसर नोंदवून घेतला असेल (सीएनजी सोडून), तर कसा केलात ते जरूर लिहा. भाचा वाट बघतोय. मीही.